गळती थांबवणारी चकती

1831 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात टॉमस हॉक्सली या तरुण अभियंत्याने ट्रेंट नदीकाठी पाणीपुरवठ्याची नवी व्यवस्था उभी केली. तिथले नळ दिवसरात्र भरलेले आणि दाबाखाली राहत. इतरत्र पाणी काही तासच येई आणि लोक घरच्या टाक्या भरून ठेवत. सततच्या दाबाने मोठी सोय झाली, पण जुन्या तोट्यांचे दुबळेपण त्यामुळे उघडे पडू लागले.

ती तोटी म्हणजे पितळी नळीत बसवलेला, आरपार भोक असलेला खुंटा. पाव फेऱ्यात पाणी सुरू, पाव फेऱ्यात बंद. धातूवर धातू घासून खुंटा झिजे आणि पाणी झिरपू लागे. शिवाय वाहते पाणी एकदम अडले की दाबाचा धक्का मागे नळात जाई आणि सांधे सैल करी.

रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकामाच्या कारखान्याने 1845 मध्ये पेचाच्या नळाचे पेटंट घेतले. या नळात पेच फिरवत नेला की मऊ चकती हळूहळू बैठकीवर दाबली जाते, त्यामुळे पाणी सावकाश अडते. चकती झिजली तर तेवढीच बदलायची. आधी ती चामड्याची असे. पुढे गंधक घालून तापवलेले टिकाऊ रबर हाताशी आल्यावर ती रबराची झाली. आपल्याकडे तिला सगळे ‘वायसर’ म्हणतात.

विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये मुंबईत आले, मागोमाग 1879 मध्ये तुळशीचे आणि 1892 मध्ये तानसाचे. विहिरी-तळ्यांवर जगणारे शहर नळावर आले. पण चोवीस तासांचा दाब बहुतेक मुंबईकरांच्या वाट्याला आला नाही. पाण्याची वेळ सांभाळायची आणि टाकी भरायची, ही सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

1937 मध्ये अमेरिकेत बेंडिक्सचे घरगुती स्वयंचलित धुलाई यंत्र आले. धुणे, खळबळणे आणि पिळणे एकाच पिंपात होऊ लागले. नळाची चावी फिरवायला माणूस नसल्यावर पाणी अडवायचे कोणी?

आजच्या यंत्रांत ते काम विजेच्या इनलेट व्हॉल्व्हकडे आहे. त्यात रबराचा पातळ पडदा असतो. पडद्यातल्या बारीक छिद्रातून पाणी वरच्या बाजूला साचते आणि त्याच दाबाने पडदा बैठकीवर घट्ट बसतो. कॉइलमध्ये वीज आली की लोखंडी दांडी उचलली जाते, वरचे पाणी सुटते आणि वाट मोकळी होते. म्हणजे ज्या दाबाने खुंट्याची तोटी हैराण केली, तोच इथे पाणी अडवतो. म्हणूनच वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर उंच असेल, तर पडदा नीट न बसण्याचा धोका राहतो. ठरावीक वेळीच येणाऱ्या पाण्यासोबत आलेला गाळ व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतो, आणि एखादा कण पुढे निसटून बैठकीवर बसला तर थेंब थांबत नाही.

जाणता कारागीर पहिल्यांदा यंत्राचा प्लग काढतो. तरीही पिंपात पाणी येत राहिले तर दोष व्हॉल्व्हच्या पडद्यात, थांबले तर विजेच्या बाजूला. पाइपच्या पेचापाशी गळत असेल, तर भिंतीवरचा कॉक बंद करून तो आतली रबरी चकती बदलतो. व्हॉल्व्ह मात्र बहुधा सीलबंद प्लास्टिकचा असतो. त्यातला पडदा वेगळा मिळत नाही, त्यामुळे अख्खा व्हॉल्व्हच नवा बसवावा लागतो.