आधी आली शांतता, मग आली शवपेटी

आजचा एपिसोड एका चित्रावर आहे. स्क्रीनवर शोधायच्या आधी ते नुसतं डोळ्यांसमोर आणा. निपचित, काळं पाणी. मधोमध खडकाळ बेट. खडकात कोरलेल्या थडग्यांच्या खोल्या आणि बेटाच्या पोटात सायप्रसची उंच, काळपट झाडं. एक छोटी होडी तिकडे चाललीये. होडीत वल्हवणारा, पांढऱ्या वस्त्रात उभी असलेली एक पाठमोरी आकृती आणि तिच्यापुढे शवपेटी. बस्स, एवढंच.

हे 'मृतांचं बेट'. चित्रकार आर्नोल्ड ब्योकलिन, स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा, जन्म १८२७. त्याच काळात पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्ट मंडळी ऊन, रस्ते, बागा रंगवत होती. म्हणजे डोळ्यांना जे दिसतं ते. ब्योकलिनला मात्र मनात जे दाटून येतं ते रंगवायचं होतं.

१८८० साली तो फ्लॉरेन्समध्ये राहत होता. स्टुडिओत हे चित्र अर्धवट असताना मारी बेर्ना नावाची एक विधवा तिथे आली. तिला स्वतःसाठी असंच एक चित्र हवं होतं, ज्याच्यासमोर बसून स्वप्नात हरवता येईल असं. ब्योकलिनने तिच्यासाठी लाकडी फळीवर लहान आवृत्ती काढली. नवऱ्याच्या आठवणीसाठी तिने शवपेटी आणि ती पांढरी आकृती घालायला सांगितली. कल्पना त्याला इतकी पटली की आधीच्या चित्रातही त्याने ती घातली.

इथे जरा थांबा. आपण या चित्रात सगळ्यात आधी ज्या प्रतीकाकडे बघतो, ते नंतर आलंय! शांतता आधीपासून होतीच.

मी दिवसभर कोड लिहितो. एका चिन्हाचा एकच अर्थ, ही माझी रोजची सवय. या चित्राचाही असा तक्ता करता येईल: सायप्रस म्हणजे शोक, कारण युरोपात ते कब्रस्तानात लावतात; होडी म्हणजे शेवटचा प्रवास. तक्ता चुकीचा नाही, पण तो वाचून कुणाचा आवंढा अडकत नाही. तो अडकतो पाण्यावर तरंग नसल्यामुळे. सगळ्या रेषा सरळ वर जातात, नजर झाडांमधल्या अंधारात ओढली जाते आणि तिथे काहीच सापडत नाही. ब्योकलिनने चित्राचा अर्थ जाहीरपणे कधी सांगितला नाही. दारावरच्या टकटकीनेही दचकायला व्हावं इतकी शांतता चित्रातून यावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ती त्याच्यासाठी परकी नव्हती. त्याच्या १४ मुलांपैकी अनेक त्याच्या हयातीतच गेली, आणि एक तान्ही मुलगी स्टुडिओजवळच्याच कब्रस्तानात पुरलेली होती.

१८८६ पर्यंत त्याने या चित्राच्या पाच आवृत्त्या केल्या. छापील प्रती जर्मन घराघरांत लागल्या. रशियन संगीतकार रखमानिनोवने १९०७ मध्ये पॅरिसला एक काळी-पांढरी प्रत पाहिली आणि त्यावर अख्खी सिंफनिक रचना केली. रंग नव्हते, तरी मूड पोचला.

आणि तिसरी आवृत्ती विकत घेतली हिटलरने.

ही गोष्ट मला पचायला जड जाते. जी शांतता एका विधवेला आधार म्हणून हवी होती, तीच याच्याही भिंतीवर. पण ब्योकलिनने अर्थाची जागा मोकळी ठेवली होती, आणि मोकळ्या जागेत कुणीही येऊन बसू शकतं. चित्र मालक निवडत नाही. हिटलरने पेटवलेल्या महायुद्धात चौथी आवृत्ती जळून गेली. तिचा फक्त काळा-पांढरा फोटो उरलाय. त्याची तिसरी मात्र वाचली, आज ती बर्लिनच्या संग्रहालयात आहे. मारी बेर्नाची न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये.

आता शोधा. फोन सायलेंटवर टाका, ब्राइटनेस वाढवा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. मधेच कुणाचा मेसेज आला आणि तुम्ही दचकलात, तर १८८० सालचं ते चित्र अजून काम करतंय असं समजा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!