उदगीरचा किल्ला आणि इब्राहिमखान गारदी

लातूरहून सकाळच्या एस.टी.ने नळेगावमार्गे निघाले, की सुमारे ६५ किलोमीटरचा प्रवास करून उदगीर गाठता येते, आणि किल्ला नीट पाहून दिवेलागणीपर्यंत घरी परतताही येते. सह्याद्रीतल्या गडांप्रमाणे येथे छाती फुटेपर्यंत चढावे लागत नाही. किल्ला भुईकोट असून गावाला लागूनच आहे. सुमारे ४० फूट खोल खंदक, त्यामागे तट, आणि आत पडझड झालेले वाडे व दरबाराच्या जागा. ज्यांच्या नावावरून गावाला उदगीर म्हणतात, त्या उदागीर महाराजांची समाधी किल्ल्याच्या आतच, जमिनीच्या पातळीखाली सुमारे ६० फुटांवर आहे. बहामनींपासून निजामापर्यंत अनेक सत्ता येथे नांदल्या, पण समाधी जागच्या जागी राहिली. १६३६ मध्ये शहाजहानचा सरदार खानदौरान याने वेढा घातला, तेव्हा किल्ला सिद्दी मिफ्ताह नावाच्या हबशी किल्लेदाराच्या हाती होता, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

उदगीर म्हटले, की मराठी माणसाला १७६० ची लढाई आठवते. आम्हीही तटावर उभे राहून तोफगोळ्यांच्या खुणा शोधू लागलो. परंतु ती लढाई या तटबंदीसाठी झालीच नाही. सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांची फौज उदगीरहून धारूरकडे सरकत होती, आणि सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने तिला वाटेतच गाठून चहूबाजूंनी घेरले. कित्येक दिवस चाललेल्या या झुंजीचा निकाल ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या बाजूला मोकळ्या रानात लागला. तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी मराठ्यांना मिळाली. ज्या गावाचे नाव लढाईला मिळाले, ते गाव मात्र १९४८ सालीही हैदराबाद संस्थानातच होते!

आमच्यापैकी एकाने सहज विचारले, "या लढाईत आपले कोण?" प्रश्न साधा वाटला, तरी उत्तर तितके साधे नाही. निजामाच्या पदरी जाधव, निंबाळकर अशी नामांकित मराठा घराणी होती. इकडे भाऊंच्या ज्या तोफखान्याने आणि कवायती पायदळाने निजामाची फळी फोडली, त्याचा सेनानी होता इब्राहिमखान गारदी. तो पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. हैदराबादेत फ्रेंच सेनानी बुसी याने उभारलेल्या कवायती फौजेत त्याची घडण झाली होती. पुढे १७५८ मध्ये बुसीला परत बोलावण्यात आले. इब्राहिमखानाचीही निजामाकडची चाकरी सुटली आणि भाऊंनी त्याला आपल्याकडे घेतले. 'गारदी' हा शब्दही फ्रेंच 'गार्द', म्हणजे पहारा, यावरून आला असे मानतात. फ्रेंच शिस्त, मुसलमान सेनानी आणि ब्राह्मण सेनापती असा हा जय आहे. या लढाईला दोन धर्मांचे युद्ध म्हणून जे रंगवतात, त्यांनी तिची हजेरीपत्रके पाहिलेली नसावीत, असे आम्हाला वाटते.

या जयाची किंमतही पुढे मोजावी लागली. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे उत्तरेत पडले होते. ती बातमी दक्षिणेत आल्यावर परतूरच्या छावणीत मसलत झाली, आणि उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व उदगीरच्या विजयी सेनापतीकडे गेले. १४ मार्चला भाऊ निघाले. उदगीरला तोफखान्याने घवघवीत यश दिले होते; तोच विश्वास घेऊन ते गेले. उदगीरला शत्रू घेरलेला होता आणि मुलूख ओळखीचा. पानिपतावर घेरले गेले ते मराठेच, उपाशी आणि घरापासून शेकडो कोस दूर.

तेथेही इब्राहिमखानाने आपला शब्द राखला. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याच्या पलटणींनी डाव्या बगलेवर रोहिल्यांची दाणादाण उडवली आणि स्वतःचाही जवळजवळ संहार ओढवून घेतला. जखमी होऊन तो पकडला गेला. शुजाउद्दौल्याच्या छावणीत असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे, की शुजाने त्याला काही काळ लपवून ठेवले होते. पण अब्दालीच्या दडपणापुढे त्याला स्वाधीन करावे लागले, आणि त्या कैदेतच तो मेला.

तहात मिळालेला बराच मुलूख निजामअलीने लवकरच परत मिळवला. १७६२ च्या आरंभी त्याची फौज पुण्याजवळ उरुळीपर्यंत येऊन थडकली होती. उदगीर पुढे बीदर जिल्ह्यात राहिले, १९५६ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अनेकांनी हा किल्ला प्रथमच पाहिला असेल. इब्राहिमखानाच्या वाट्याला मात्र चमत्कारिक दैव आले. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला, आणि तेव्हापासून मराठीत हा शब्द मारेकऱ्यांसाठीच उरला.