वैद्यकीय पूर्वेतिहास (दंतवैद्यक)

दंतवैद्यकातील वैद्यकीय पूर्वेतिहास म्हणजे दातांवर उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाकडून घेतली जाणारी त्याच्या एकंदर प्रकृतीची माहिती होय. सध्याचे व पूर्वीचे आजार, चालू असलेली औषधे, औषधांची ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया, गर्भावस्था आणि तंबाखूसारखी व्यसने यांचा त्यात समावेश होतो. ही माहिती पहिल्या भेटीत केसपेपरवर नोंदवली जाते व पुढील भेटींमध्ये पडताळून पाहिली जाते. दात त्याच दिवशी काढावा की नाही, भूल कोणती द्यावी, कोणते वेदनाशामक लिहून द्यावे, हे निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

गरज

रुग्ण दंतवैद्याकडे बहुधा एखाद्या दुखऱ्या दाताची तक्रार घेऊन जातो. त्यामुळे रक्तदाब, फिट्स किंवा हाडांच्या औषधांविषयीचे प्रश्न त्याला अप्रस्तुत वाटतात. प्रत्यक्षात दात काढताना रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशा भागाला जखम होते, जबड्याचे हाड उघडे पडते, तोंडातील जीवाणू काही काळ रक्तात मिसळतात आणि भुलेच्या इंजेक्शनातून अनेकदा ॲड्रेनॅलीनही शरीरात जाते. निरोगी शरीर हे सहज सोसते. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या व्यक्तीबाबत मात्र तसे गृहीत धरता येत नाही.

माहिती अपुरी राहण्याचे कारण क्वचितच लपवाछपवीचे असते. "बीपी आहे का?" या प्रश्नाला रोज गोळी घेणारा रुग्णही प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर देतो, कारण गोळीमुळे त्याचा रक्तदाब आटोक्यात असतो. वर्षातून एकदा घेतलेले हाडांचे इंजेक्शन, आयुर्वेदिक काढे वा चूर्ण, गर्भनिरोधक गोळ्या या गोष्टी पुष्कळांच्या लेखी "औषध" या सदरात मोडतच नाहीत. म्हणून आजारांची नावे विचारण्यापेक्षा "रोज कोणत्या गोळ्या घेता, आणि गेल्या वर्षभरात कोणती इंजेक्शने घेतली?" हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

भेटीची तयारी

चालू औषधे त्यांच्या मूळ पाकिटासह किंवा पट्टीसह नेणे सर्वांत सोयीचे असते. भारतात एकच औषध अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी विकले जाते आणि काही नावे एकमेकांशी मिळतीजुळतीही असतात. मूळ औषधाचे नाव व मात्रा मात्र पट्टीवर छापलेली असते. गोळ्या डब्यात काढून ठेवल्यास अथवा पट्टीचा नाव असलेला भाग कापला गेल्यास ही ओळख नाहीशी होते, आणि "पांढरी छोटी गोळी" एवढ्या वर्णनावरून कोणताही दंतवैद्य निर्णय घेऊ शकत नाही. याखेरीज रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेले कार्ड, अलीकडचे रक्ततपासणीचे अहवाल, दातांची जुनी क्ष-किरण चित्रे, पेसमेकर किंवा कृत्रिम झडप असल्यास तिचे ओळखपत्र आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक सोबत असावा. दुखण्यासाठी घरीच घेतलेली वेदनाशामके व प्रतिजैविके हीदेखील सांगावी लागतात. त्यांमुळे लक्षणे दबून निदान चुकू शकते आणि तेच औषध दुसऱ्यांदा दिले जाण्याचाही धोका असतो.

उपाशीपोटी जाण्याची प्रथा अनाठायी आहे. केवळ जागेपुरती भूल द्यायची असेल, तर उपाशी राहण्याची गरज नसते. नेहमीचा नाश्ता करून आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच जावे, असे सांगितले जाते. गुंगीचे औषध किंवा संपूर्ण भूल देण्याचे ठरले असेल, तर मात्र किती तास काही खायचे-प्यायचे नाही, याची स्पष्ट सूचना आधी दिली जाते.

रक्त पातळ करणारी औषधे

दात काढण्याच्या दोन-चार दिवस आधी रुग्णाने स्वतःच्या मनाने रक्त पातळ करणारी गोळी बंद करणे, हा या विषयातील सर्वांत घातक गैरसमज म्हणावा लागेल. दाताच्या खाचेतून होणारा रक्तस्राव दिसतो व तो जागीच थांबवता येतो; हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी दिसत नाही आणि ती प्राणघातक ठरू शकते. औषध लपवणे आणि औषध परस्पर थांबवणे या दोन्हींपेक्षा ते चालू असल्याचे सांगणे केव्हाही सुरक्षित असते.

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यानंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांसारखी दोन औषधे एकत्र दिली जातात. ती अकाली बंद केल्यास स्टेंटमध्येच रक्त गोठू शकते. अमेरिकन हार्ट असोसिएशन, अमेरिकन डेंटल असोसिएशन व अन्य संस्थांनी २००७ साली संयुक्त निवेदन काढून याविषयी सावध केले होते. औषधयुक्त स्टेंट बसवल्यानंतर वर्षभर ही औषधे खंडित करू नयेत आणि तातडीचे नसलेले उपचार शक्यतो पुढे ढकलावेत, असे त्यात म्हटले होते.

वॉरफॅरिन अथवा भारतात बरेच वापरले जाणारे ॲसिनोकुमॅरॉल चालू असल्यास आयएनआर ही रक्ततपासणी आवश्यक असते. ब्रिटनमधील मार्गदर्शनानुसार आयएनआर ४ पेक्षा कमी असल्यास औषध न थांबवता साधे दात काढता येतात. मात्र ही तपासणी उपचाराआधीच्या २४ तासांतली, आणि आयएनआर दीर्घकाळ स्थिर असणाऱ्यांमध्ये फार तर ७२ तासांतली असावी लागते. रक्तस्राव आवरण्यासाठी दाबून धरलेला कापसाचा बोळा, टाके व ट्रानेक्झॅमिक आम्लासारखी औषधे वापरली जातात. ॲपिक्सॅबान, रिव्हारोक्झॅबान, डॅबिगॅट्रान या नव्या औषधांना आयएनआर तपासणी लागू पडत नाही. अधिक रक्तस्रावाची शक्यता असलेल्या उपचाराच्या दिवशी त्यांची सकाळची मात्रा टाळण्याचा किंवा उशिरा घेण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. तो अर्थातच डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो.

दंतोपचारानंतर लिहून दिलेली औषधेही येथे महत्त्वाची ठरतात. मेट्रोनिडॅझोल आणि तोंडातील बुरशीवर लावण्याचे मायकोनॅझोल जेल ही दोन्ही वॉरफॅरिनचा परिणाम वाढवतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

हृदयविकार आणि प्रतिजैविके

दात काढताना किंवा हिरड्यांची खोलवर सफाई करताना रक्तात मिसळलेले जीवाणू सदोष झडपेवर रुजल्यास हृदयाच्या आतील अस्तराचा गंभीर संसर्ग, म्हणजे एंडोकार्डायटिस, होऊ शकतो. पूर्वी हृदयाच्या झडपेचा जवळजवळ कोणताही दोष असलेल्या रुग्णाला उपचारापूर्वी प्रतिजैविक दिले जात असे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली ही यादी बरीच आखूड केली. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस, काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष आणि हृदयारोपणानंतर झडपेत निर्माण झालेला दोष, एवढ्यांपुरतीच ही शिफारस उरली. अशा प्रौढ रुग्णांना उपचारापूर्वी ३० ते ६० मिनिटे २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिले जाते. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी पूर्वी सुचवले जाणारे क्लिंडामायसिन २०२१च्या निवेदनात वगळण्यात आले. ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचे रुग्ण भारतात मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेऊन निर्णय करणे इष्ट असते.

रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक आढळल्यास तातडीचे नसलेले उपचार सामान्यतः पुढे ढकलले जातात.

मधुमेह

मधुमेह आणि हिरड्यांचे विकार यांचा संबंध दुहेरी आहे. रक्तातील साखर अनियंत्रित असल्यास हिरड्यांचा दाह बळावतो व जखमा उशिरा भरतात. उलट हिरड्यांचा जुनाट दाह साखर आटोक्यात आणणे अवघड करतो. म्हणून अलीकडचा एचबीए१सी अहवाल दंतवैद्याला उपयोगी पडतो. भेटीची वेळ शक्यतो सकाळची, नाश्ता आणि औषध घेतल्यानंतरची असावी. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन काही न खाता आलेल्या रुग्णाची साखर खुर्चीतच एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे भीतीची म्हणून दुर्लक्षित होण्याची शक्यता असते. भूल उतरेपर्यंत चावून खाता येत नाही, हेही वेळ ठरवताना विचारात घ्यावे लागते.

हाडांची औषधे आणि किरणोपचार

हाडे ठिसूळ होण्याच्या विकारात तसेच हाडांत पसरलेल्या कर्करोगात ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक आम्ल, डेनोसुमॅब ही औषधे दिली जातात. दात काढल्यानंतर जबड्याचे हाड न भरता उघडे राहून मृत होण्याचा विकार या औषधांशी निगडित असल्याचे अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या नोंदींतून पुढे आले. कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत हा धोका अधिक, तर हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो अल्प असतो. तरीही काढावयाचे दात औषध सुरू होण्यापूर्वीच काढून घेणे श्रेयस्कर मानले जाते. डोके व मानेच्या भागाला किरणोपचार घ्यावयाचे असतील तरीही हेच लागू होते, आणि किरणोपचार कित्येक वर्षांपूर्वी झाले असले तरी ते सांगणे आवश्यक असते.

भूल आणि ॲलर्जी

स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली लिडोकेन तयार केले व १९४८मध्ये ते बाजारात आले. लिग्नोकेन या नावाने ते आजही दंतोपचारात सर्रास वापरले जाते. त्याआधी प्रचलित असलेल्या प्रोकेनच्या तुलनेत लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फारच विरळ आहे. "भुलेचे इंजेक्शन मला चालत नाही" असे सांगणाऱ्या पुष्कळ रुग्णांना पूर्वी भीतीने घेरी आलेली असते किंवा इंजेक्शनातील ॲड्रेनॅलीनमुळे छातीत धडधडलेले असते. म्हणून "ॲलर्जी आहे" एवढेच न सांगता नेमके काय झाले, किती वेळाने झाले, अंगावर गांधी उठल्या का, ओठ सुजले का, श्वास लागला का, हे सांगणे महत्त्वाचे ठरते. पेनिसिलिनबाबतही हाच तपशील विचारला जातो. दम्याच्या रुग्णांनी आपला पंप सोबत ठेवावा. त्यांपैकी काहींना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी दम्याचा झटका येतो.

फिट्सवरील फेनिटॉइन व रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन यांमुळे हिरड्या वाढून दातांवर चढू शकतात. हे ठाऊक नसल्यास केवळ हिरड्यांवर उपचार होत राहतात.

गर्भावस्था

गर्भारपणात दंतोपचार टाळावेत, हा समज निराधार आहे. चौथा ते सहावा महिना उपचारांसाठी सर्वांत सोयीचा मानला जातो. वेदना किंवा संसर्ग असल्यास उपचार केव्हाही केले जातात. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके बाळाच्या दातांवर डाग पाडत असल्याने टाळली जातात, तर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके विशेषतः २० आठवड्यांनंतर वर्ज्य मानली जातात. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्याने मोठ्या नीलेवर दाब येऊन चक्कर येऊ शकते, म्हणून गर्भवतीला किंचित डाव्या कुशीवर वळवून बसवतात.

तंबाखू व मशेरी

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मशेरी लावणारी स्त्री बहुधा नकारार्थी उत्तर देते, कारण तिच्या दृष्टीने मशेरी हे दात घासण्याचे साधन असते. मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच असून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिचा वापर रूढ आहे. गुटखा, मावा, चुना लावून मळलेला तंबाखू, नुसती सुपारी, यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते. सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडणे कमी कमी होत जाते. सबम्युकस फायब्रोसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली केले. यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी असल्यामुळे काही रुग्ण त्याचा उल्लेख करण्यास कचरतात. केसपेपरवरील नोंद केवळ उपचारासाठी असते, हे त्यांना सांगणे इष्ट ठरते.

गोपनीयता

रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे दंतवैद्याचे व्यावसायिक कर्तव्य आहे. १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ अन्वये एचआयव्हीबाधित व्यक्तीला उपचार नाकारण्यास मनाई असून, न्यायालयाच्या आदेशाखेरीज आपली स्थिती उघड करण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. निर्जंतुकीकरण, हातमोजे व मुखपट्टी ही खबरदारी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यावयाची असल्याने, ती रुग्णाने दिलेल्या माहितीवर अवलंबून ठेवता येत नाही. तरीही एचआयव्ही किंवा कावीळ ब यांची माहिती स्वेच्छेने दिल्यास औषधांची निवड व रक्तस्रावाचा अंदाज यांसाठी तिचा रुग्णालाच लाभ होतो.

लहान मुले

मुलांचा पूर्वेतिहास पालकांकडून घेतला जातो. त्यामुळे मुलाची औषधे आणि आजारपणे ठाऊक असलेली व्यक्ती सोबत असावी. जन्मजात हृदयदोष, फिट्स आणि दमा यांची विशेष चौकशी केली जाते. मुलाचे सध्याचे वजन ठाऊक असणे आवश्यक असते, कारण भुलेची मात्रा वजनावरून ठरते. अमेरिकेतील बालदंतवैद्यकीय मार्गदर्शनात लिग्नोकेनची कमाल मर्यादा दर किलोमागे ४.४ मिलिग्रॅम दिली आहे. त्यानुसार १५ किलो वजनाच्या मुलासाठी ती ६६ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के द्रावणाचे सुमारे ३.३ मिलिलिटर इतकी होते. वर्षभरापूर्वीचे वजन सांगितल्यास हा हिशेब चुकतो, म्हणून भेटीच्या दिवशी मुलाचे वजन पुन्हा केले जाते.