देवाचे दगडी घर



आपणा सर्वांच्या सहकार्याने मंदिराचा नवा सभामंडप उभा राहिला, ही आनंदाची गोष्ट होय. आता जुना गाभारा व आवारात पडून असलेले घडीव दगड यांचे काय करावयाचे, याचा विचार गावाने करावयाचा आहे. त्यासाठी हे चार शब्द.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात देवाची जुनी दगडी घरे पुष्कळ आहेत. यवतमाळनजीकच्या लोहारा येथील कमलेश्वराचे मंदिर सर्वांना ठाऊक आहेच. अशा मंदिरांना लोक हेमाडपंती म्हणतात व ती एका रात्रीत बांधली, असे सांगतात. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा प्रधान. महादेवराव (१२६१–१२७१) व रामदेवराव (१२७१–१३११) यांच्या पदरी तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. परंतु ही बांधणी त्याच्याही आधीची आहे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, म्हणजे दोनशे वर्षे अगोदरचे. तेव्हा हे एका रात्रीचे नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालविणाऱ्या पाथरवटांचे काम होय.

या बांधणीत दगड सांधण्यास चुना वापरीत नसत. काळा पाषाण घडवून एका दगडास खाच व दुसऱ्यास कूस ठेवीत आणि एकात एक बसवीत. वरच्या दगडाचे वजनच खालच्यास धरून ठेवते. छताची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. खांबांवर दगडी तुळया टाकून चौकोन करीत. त्याच्या चारही कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवून आत लहान चौकोन साधीत, त्यावर पुन्हा तसेच. शेवटी उरलेले तोंड एकाच शिळेने बंद होई.

चुन्यावाचून रचलेले दगड क्रमांक टाकून उतरविता येतात व पुन्हा जागच्या जागी बसविता येतात. सिमेंटने सांधल्यावर ते कठीण होते. तैलरंगाखाली कोरीवकाम बुजते व ओल आतच कोंडते. मंदिर संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून त्यास हात लावता येत नाही. तसे नसले तरी जाणत्याचा सल्ला घ्यावा.

या पुस्तिकेत देणगीदारांची नावे छापली आहेत. हे जुने दगडसुद्धा देणगीच होत, फक्त त्यांवर दात्याचे नाव नाही. ते फोडून पायाच्या भरावात घालू नयेत, एवढीच नम्र विनंती.

इत्यलम्.