निंबोला : असीरगडाच्या पायथ्याचे एक गाव

खानदेशातून ओंकारेश्वराच्या दर्शनास मोटारीने जाणारे यात्रेकरू इच्छापूरजवळ मध्यप्रदेशात प्रवेश करतात. टेकडीवरील इच्छादेवीस हात जोडून ते तापीकाठच्या बुऱ्हाणपुरास पोहोचतात आणि तेथून उत्तरेस सातपुड्याकडे वळतात. काही वेळाने समोर असीरगडाचा प्रचंड डोंगर दिसू लागतो. बुऱ्हाणपूर व असीरगड यांच्या दरम्यान रस्त्यावर जे एक गाव लागते, त्याचे नाव निंबोला. येथे पोलीस ठाणे आहे, शेती आहे, बाजारहाटाची ये-जा आहे. परंतु मुद्दाम उतरून पाहावे असे प्रवाशास येथे काही वाटत नाही. इतिहासग्रंथांची पाने चाळली तर बुऱ्हाणपुरावर प्रकरणेच्या प्रकरणे सापडतात, असीरगडावर त्याहून अधिक. निंबोल्याच्या वाट्यास मात्र सहसा एक ओळही येत नाही. या गावाचा परिचय आम्ही करून देऊ इच्छितो, तो याच कारणासाठी.

प्रथम भूमीचा विचार करू. नर्मदा आणि तापी या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या मध्ये सातपुड्याची रांग आडवी पडली आहे. ह्या रांगेत असीरगडाजवळ एक सखल खिंड आहे. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरावयाचे तर ही वाट सर्वांत सोयीची, म्हणूनच असीरगडास 'दख्खनचा दरवाजा' म्हणत आले. निंबोला या दरवाजाच्या आतल्या अंगास, दक्षिण उतारावर वसले आहे. खाली काळा पाषाण, वर कोठे खोल काळी माती तर कोठे मुरमाड बरड. पाऊस पडावयाचा तो चार महिन्यांत; उरलेले आठ महिने नाले कोरडे आणि चैत्र-वैशाखात रान अक्षरशः भाजून निघालेले. गावाच्या नावात कडुनिंब ऐकू येतो, आणि या प्रदेशात उन्हाळ्यात हिरवा राहणारा सोबती तोच. समुद्रातील बेटास चहूकडून पाणी वेढते. कोरड्या मुलखात याच्या उलट असते. तेथे चहूकडे तहानलेले रान आणि मध्ये एखादी पाण्याची विहीर, असे बेट असते. त्या विहिरीभोवती घरे उभी राहतात व त्यांनाच आपण गाव म्हणतो.

आता इतिहास. फिरिश्ता सांगतो की, हा गड आसा नावाच्या अहिराचा होता. फारुकी घराण्याच्या नासीरखानाने डोल्यांत बायकामुलांच्या मिषाने सैनिक बसवून तो कपटाने घेतला. याच नासीरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीकाठी शहर वसवून त्यास खुलदाबादचे संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव दिले. पुढे दोन शतके खानदेशची ही राजधानी होती. इ. स. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन बसला. गडाचा वेढा महिनोन् महिने चालला आणि जानेवारी १६०१ मध्ये बहादूरखान फारुकीचे राज्य संपुष्टात आले. गोमंतकीय वाचकांस हे जाणून कौतुक वाटेल की, या वेढ्याच्या काळी जेझुइट पाद्री जेरोम झेवियर बादशहाच्या छावणीत होता, आणि गड पडल्यानंतर त्याच वर्षी अकबराने आपला वकील येथून गोव्यास पोर्तुगीज व्हाइसरॉय आयरिश द साल्दान्य याजकडे रवाना केला. या कोरड्या खिंडीचा आणि मांडवीच्या मुखाचा संबंध असा सव्वाचारशे वर्षांचा आहे.

मोगलांच्या अमदानीत सुरतेहून आग्र्यास जाणारा व्यापारी मार्ग बुऱ्हाणपुरावरूनच जात असे. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये येथे शहाजादा परवेझास भेटला. पुढे १६३०-३२ चा भयंकर दुष्काळ पडला. गुजरात व दख्खन उजाड झाले. याच काळात शहाजहान बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता आणि १६३१ मध्ये मुमताजमहल तेथेच निवर्तली. तिचे शव प्रथम तापीपलीकडे झैनाबादेच्या बागेत ठेविले होते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्याच दिवसांत खेड्यापाड्यांतून जी माणसे अन्नावाचून मेली, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेविली नाहीत.

मराठ्यांचा या मुलखाशी संबंध निकटचा. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजांनी बुऱ्हाणपूरचे संपन्न उपनगर बहादुरपुरा लुटले. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर निजामाने जी ठाणी सोडली, त्यांत असीरगड व बुऱ्हाणपूर होते. पुढे ही ठाणी शिंद्यांकडे आली. ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने दोन्ही घेतली, पण तहान्वये गड शिंद्यांस परत मिळाला. अखेरचा प्रसंग १८१९ चा. नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले गडाच्या आश्रयास आले असता किल्लेदार यशवंतराव लाड यांनी डोव्हटन व माल्कम यांच्या सैन्याशी झुंज दिली व ९ एप्रिल रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. मराठेशाहीच्या शेवटच्या युद्धातील हा शेवटचा मोठा वेढा होय.

या सर्व घटनांत निंबोल्याचे नाव नाही. परंतु विचार केला असता निंबोल्यासारख्या गावांवाचून यांतील एकही घटना घडू शकली नसती. अकबराचा असो वा डोव्हटनचा, वेढा घालणाऱ्या सैन्यास धान्य लागते, बैलांस कडबा लागतो, आणि सर्वांआधी पाणी लागते. मैदानापासून सुमारे साडेआठशे फूट उंच असलेल्या गडावर तलाव खोदलेले होते, म्हणून गड टिकून राही. खाली उतरलेल्या फौजांना आधार मात्र गावच्या विहिरींचा आणि नाल्यांचाच. एप्रिल महिन्यात या भागात ज्याने एक दुपार काढली आहे, त्यास या वाक्याचा अर्थ अधिक सांगावा लागणार नाही. फौज निघून गेली की रिकामी झालेली विहीर व कणगी गावकऱ्यांच्या वाट्यास येई.

पाण्याचे हे मोल राज्यकर्तेही ओळखून होते. अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने बुऱ्हाणपुरासाठी 'कुंडी भंडारा' ही योजना आखली. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी भूगर्भातून तापीकडे वाहते, हे त्याने हेरले. तो प्रवाह भुयारी वाटेने अडवून, वर शंभराहून अधिक कुंड्यांची रांग ठेवून, निव्वळ उताराच्या बळावर पाणी शहरापर्यंत नेले. चारशे वर्षांपूर्वीच्या ह्या योजनेचे नाव २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेले, हे योग्यच झाले. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शहरास मिळणारे पाणी डोंगरालगतच्या रानात मुरते तेव्हाच ते कुंडीत उतरते. वरचे जंगल तुटले, माती वाहून गेली, कूपनलिकांनी भूगर्भ उपसला, तर खालची कुंडी कितीही भक्कम असली तरी कोरडी पडावयाची. शहराचा वारसा हा अशा रीतीने गावच्या शिवारात सुरू होतो.

असीरगडावर महादेवाचे एक प्राचीन मंदिर आहे. चिरंजीव अश्वत्थामा आपली भळभळती जखम घेऊन येथे येतो, पहाटे पिंडीवर ताजे फूल आढळते ते त्याने वाहिलेले, अशी या परिसरातील श्रद्धा आहे. तिची ऐतिहासिक चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. फारुकी, मोगल, निजाम, शिंदे, इंग्रज असे धनी बदलत गेले, तोफांचा धूर बसला, गडावरील पलटणही निघून गेली. पण त्या देवाची कथा तोंडातोंडी राहिली. ती राखली पायथ्याच्या खेडुतांनी. देवस्थानास राजाश्रय मिळतो तेव्हा शिखर उभे राहते हे खरे. परंतु राजाश्रय सरल्यावर वाटेवर पाऊल आणि ओठांवर नाव राहते, ते गावामुळे.

एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग झाला तो गडाच्या पूर्वेकडून, नेपानगरच्या बाजूने खंडव्यास गेला. निंबोल्याकडे जुनी सडक राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात आले, निमाड मध्यप्रदेशात राहिला. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. आज या जिल्ह्यात हिंदी, निमाडी, उर्दू, मराठी व आदिवासी बांधवांच्या बोली एकाच बाजारात ऐकू येतात. पाणी असेल तेथे केळीची बाग, नसेल तेथे कापूस, ज्वारी, तूर. विहिरीची पातळी हाच अद्यापि तेथील खरा पंचांग आहे.

आमची वाचकांस एवढीच विनंती की, ओंकारेश्वरास जाताना निंबोल्यास क्षणभर थांबावे. गावातील एखाद्या वृद्धास जुन्या विहिरींची, शेतांची आणि ग्रामदेवतांची नावे विचारावीत व ती उतरून घ्यावीत. गडाचे दगड आणखी काही शतके उभे राहतील; ही नावे मात्र सांगणाऱ्याबरोबर जातात.