अंतरिम पोटगी (हिंदू विवाह कायदा)

वैवाहिक दावा न्यायालयात चालू असताना, स्वतःच्या निर्वाहापुरते व दाव्याच्या खर्चापुरते उत्पन्न नसलेल्या पती वा पत्नीला दुसऱ्या पक्षाने द्यावयाची रक्कम. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील कलम २४ मध्ये तिची तरतूद आहे. खेड्यापाड्यांत आणि तालुक्याच्या कोर्टात हिला ‘खावटी’ म्हणतात. पुस्तकी संज्ञेपेक्षा हा शब्द अधिक नेमका आहे, कारण निकाल लागेपर्यंत खायचे काय, एवढाच प्रश्न इथे सोडवायचा असतो.

दावा घटस्फोटाचा असो, न्यायिक विभक्ततेचा असो, नांदण्याचा असो किंवा विवाह रद्द ठरवण्याचा. अर्ज कोणत्याही बाजूने करता येतो. हा अधिनियम बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. कायमच्या पोटगीच्या कलम २५ मध्ये पक्षकारांच्या वर्तनाचा उल्लेख आहे, कलम २४ मध्ये तो नाही. तिथे फक्त दोघांचे उत्पन्न पाहून वाजवी वाटेल ती रक्कम ठरवायची आहे. दोष कोणाचा, हे पुराव्यानंतर ठरेल. तोवर कोणी उपाशी राहू नये, हा विचार त्यामागे आहे. तरीही अशा अर्जांवरील म्हणण्यात पानेच्या पाने आरोपांनी भरलेली असतात. रक्कम ठरवायला त्यांचा फारसा उपयोग नसतो.

रकमेचे ठरीव गणित कायद्यात नाही. ‘पगाराचा चौथा हिस्सा’ हा सर्रास सांगितला जाणारा हिशेब २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून आला आहे. तो निकाल कायमच्या पोटगीचा होता आणि त्यातील प्रमाणही सर्वांना बांधणारा नियम नव्हे. प्रत्यक्षात दोघांचे राहणीमान, गरजा, शिक्षण, मुले, अवलंबून असलेले आईवडील आणि देणाऱ्याची ऐपत हे सारे पाहिले जाते. पगारातून आयकर, भविष्यनिर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती साधारणतः वजा धरतात. स्वेच्छेने काढलेल्या कर्जाच्या हप्त्यांना तो मान मिळत नाही. पत्नी कमावती असली तरी तेवढ्यावर अर्ज फेटाळला जात नाही. तिची मिळकत सासरच्या राहणीमानाला पुरेशी आहे का, हे पाहावे लागते. कमावण्याची पात्रता असणे आणि प्रत्यक्ष कमावणे यांतला फरकही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केला आहे. पदवी हातात असूनही मुलासाठी नोकरी सोडलेल्या बाईला हा फरक फार मोठा आधार देतो.

खरी अडचण उत्पन्न सिद्ध करण्याची. नोकरदाराचा फॉर्म १६ मिळतो. दुकानदाराचा गल्ला कागदावर उतरेलच असे नाही, आणि जमीन वडिलांच्या नावे असली की सातबारा गप्प राहतो. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने यावर उपाय केला. दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी उघड करणारे शपथपत्र ठरावीक नमुन्यात दिलेच पाहिजे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमिनीचे क्षेत्र, पिके, जनावरे यांची माहिती द्यावी लागते. कलम २४ च्या अर्जात या शपथपत्राइतके महत्त्वाचे दुसरे काहीच नाही.

हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेले होते. तिथला अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा, सप्टेंबर २०१३ मधला. अंतरिम आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये झाला आणि वाद २०२० मध्ये संपला. अंतरिम रकमेसाठी सात वर्षे! कलम २४ ला २००१ मध्ये जोडलेल्या परंतुकाप्रमाणे नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा असतो. ‘शक्यतो’ या शब्दाने ती मुदत पोकळ केली आहे. म्हणूनच पोटगी आदेशाच्या नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हा याच निकालातील नियम मोलाचा आहे. दिरंगाईचा फायदा त्यामुळे देणाऱ्याला मिळत नाही.

कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ किंवा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ यांखालीही पोटगी मागता येते. मात्र आधीचा आदेश उघड करावा लागतो आणि ती रक्कम नव्या आदेशात जमेस धरली जाते.

विवाहच शून्य असल्याचा बचाव महाराष्ट्रात बराच घेतला जाई. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अशा नात्यातील स्त्रीसाठी ‘अनौरस पत्नी’ अशा अर्थाचा शब्द वापरला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले आणि विवाह शून्य वा शून्यनीय दिसत असला तरी कलम २४ खाली अंतरिम पोटगी देता येते, असे ठरवले.

मुख्य दावा निकाली निघाला की अंतरिम पोटगी थांबते. तोवरची थकबाकी मात्र दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करता येते.