प्रलयानंतरची शिरगणती

वादळाचें किंवा महापुराचें वर्णन वाचीत असतां मृतांच्या संख्येपाशीं 'सुमारें' हा शब्द हटकून भेटतो. वाचक तो सहज ओलांडून पुढें जातो. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र तेथें क्षणभर थबकावें, असें आम्हांस वाटतें. ती गणती कोणीं केली, कोणाच्या पैशानें केली आणि तिच्यापासून मागें उरलेल्यांचें काय हित झालें, हे प्रश्न त्या एका शब्दाआड दडलेले असतात.

१९७० सालच्या नोव्हेंबरच्या १२ तारखेस रात्रीं एक चक्रीवादळ मेघनेच्या मुखावरील भोला बेटावर व गाळानें बनलेल्या आसपासच्या सखल बेटांवर कोसळलें. वाऱ्यापेक्षांहि त्यानें पुढें लोटलेल्या समुद्रानें अधिक संहार केला. हा प्रांत तेव्हां पाकिस्तानांत होता. आतां पटकीची साथ उठणार आणि जखमींनीं इस्पितळें भरून जाणार, अशी सार्वत्रिक धास्ती होती.

ढाक्यास त्या वेळीं पटकीच्या संशोधनाची एक प्रयोगशाळा होती. तिचा जन्म मोठा चमत्कारिक. 'सीटो' हा आग्नेय आशियाचा लष्करी करार. पाकिस्तान त्यांत सामील आणि अमेरिका त्याची पुढारी. त्या करारांतून १९६० मध्यें ही प्रयोगशाळा निघाली. शस्त्रांच्या सख्यांतून रोग्यांची शुश्रूषा उपजावी, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा! पण तिनें मतलब नांवाच्या भागांत खेडोपाडीं माणसें नेमून घरोघरचे जन्म-मृत्यु टिपण्याची शिस्त लावली होती, आणि संकटकाळीं अशीच शिस्त उपयोगी पडते.

या संस्थेंतील आल्फ्रेड सॉमर व वायली हेन्री मोझ्ले या अमेरिकन डॉक्टरांनीं वादळग्रस्त भागाची दोनदां पाहणी करविली. एकदां वादळामागून लवकरच व पुन्हां १९७१ च्या आरंभीं. निदान २,२४,००० माणसें दगावलीं, म्हणजे शेंकडा १६ हून अधिक, असा त्यांचा हिशेब निघाला. लोकसंख्येंत दहा वर्षांखालील मुलें एक तृतीयांश; मृतांत मात्र निम्म्याहून अधिक. त्यांच्या खालोखाल वृद्ध व बायका. वाचलेल्यांपैकीं पुष्कळांच्या छातीवर, दंडांवर व मांड्यांवर कातडी खरचटली होती. झाडाला मिठी मारून त्यांनीं ती रात्र काढली होती! ज्याच्या हातांत बळ होतें तो तगला. ज्याच्या नव्हतें त्यास समुद्रानें नेलें.

म्हणूनच मागें उरलेल्यांत गंभीर जखमी थोडे होते, आणि भाकीत केलेली साथहि उठली नाहीं. त्यांस इस्पितळापेक्षां अन्न, निवारा व नांगराचे बैल यांची निकड होती. दात्यांच्या समजुतीस पीडितांच्या दारीं जाऊन तपासून पाहणें, हें या सहकार्याचें खरें पुण्य होय.

पुढें मार्चमध्यें युद्धाचा वणवा पेटला व वर्ष संपण्यापूर्वीं बांगलादेश जन्मास आला. निबंध १९७२ मध्यें लंडनच्या 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या माथ्यावर नांवें दोनच, आणि दोन्हीं अमेरिकन. चिखल तुडवीत दारोदार जाऊन शोकमग्न आयांस त्यांच्या मुलांची संख्या विचारणें हें काम कोणाचें? त्या हातांवांचून एकहि आंकडा उभा राहिला नसता. सॉमर-मोझ्ले यांच्या बुद्धीस उणें लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु सहकार्य म्हणावयाचें तर श्रमाप्रमाणें श्रेयहि वांटलें गेलें पाहिजे.

१९७८ मध्यें बांगलादेश सरकारनें त्या प्रयोगशाळेस आंतरराष्ट्रीय संस्थेचें रूप दिलें. मोजण्याची ती वाटहि चालूच राहिली. २९ एप्रिल १९९१ च्या वादळांत लाखाहून अधिक लोक मेले. त्यामागून अमेरिकन व बांगलादेशी संशोधकांनीं मिळून केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, पक्क्या इमारतीपर्यंत न पोंचलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें २२ मेले, आणि जे पोंचले ते सर्व वांचले. निवारे बांधण्याच्या बाजूनें याहून बळकट पुरावा कोणता हवा? २००७ च्या 'सिद्र' वादळांत मृतांची संख्या कांहीं हजारांवर थांबली. निवारे व वेळेवरची सूचना यांचें हें फळ.

त्या संस्थेच्या प्रमुखपदीं पहिला बांगलादेशी, डॉ. तहमीद अहमद, आला तो २०२१ मध्यें. म्हणजे स्थापनेपासून साठ वर्षांनीं! आणि २०२५ च्या आरंभीं अमेरिकेनें मदतीचा हात आखडतांच तेथील हजाराहून अधिक नोकरांस घरीं बसावें लागलें. खुर्ची घरची झाली, पण तिजोरीची किल्ली दूरदेशींच राहिली.

समुद्र तापत आहे, त्याची पातळी चढत आहे. अशा गणतीची गरज पुढें वाढणारच. परदेशची विद्या व द्रव्य यांचें स्वागत अवश्य करावें. पण जन्म-मृत्यूची ती घरोघरची वही संकटापूर्वींच लिहिलेली असावी लागते, आणि ती लिहिणाऱ्याचा पगार तरी परक्याच्या मर्जीवर लोंबकळत ठेवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.